बोकड कोणी कापायचा?

मागच्या आठवड्यात विस्कॉन्सिनहून भाच्याचा फोन आला. तिकडे नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीने हरणाच्या शिकारीचा हंगाम असतो. त्याच्या ऑफिसातल्या एका मित्राने हरीण मारलं आणि आता मित्राच्या घरी वाद चाललाय, की ते स्वतः गॅरेजमध्ये टांगून कापायचं, की गावातल्या खाटकाला शंभर-दीडशे डॉलर देऊन पिशव्या भरून आणायच्या. मित्र म्हणतो, मी मारलं तर मीच कापणार. बायको म्हणते, पैसे दे आणि मोकळा हो. त्यात तिकडच्या हरणांमध्ये २००२ साली एक मेंदूचा रोग सापडला, त्यामुळे लोकांना काळजी, की आपल्याच हरणाचं मटण परत मिळतं की दुसऱ्या कुणाचं मिसळलेलं? भाचा हसत हसत म्हणाला, "मामा, आपल्या गावाला तुम्ही लोक घरीच कापायचे ना? मग तुमचं मत काय?"

मी म्हटलं, सांगतो नंतर. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितो आहे. मंडळी, ज्यांना मांसाहाराचं वर्णन नको असेल त्यांनी हा लेख सोडून द्यावा, राग नाही.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यातलं. सपाट काळी जमीन, विहिरीचं पाणी खारट. माझ्या लहानपणी हरभऱ्याच्या दिवसांत काळविटांचे कळप शेतात उतरत. तीस-चाळीस हरणं एका रात्रीत वावर साफ करत. गावात एकाकडे परवान्याची बंदूक होती. मी आठवीत असताना, म्हणजे १९६४-६५ च्या हिवाळ्यात, त्याने एक काळवीट पाडलं आणि आमच्या वाड्यासमोरच्या निंबाखाली आणून टाकलं. आम्ही पोरं गोळा झालो. चार मोठी माणसं विळे-सुऱ्या घेऊन बसली. त्यांतल्या एकालाही काम येत नव्हतं, पण कबूल कोण करणार! पहिल्याच फटक्यात पोटा फुटला. सगळं आतलं मांसावर सांडलं. कातडं बाहेरून कापल्यामुळे केस जिथे तिथे चिकटले. पित्त फुटून कलेजी कडू झाली. धुऊन धुऊन मांस पांढरं पडलं. रात्री अर्धं कुत्र्यांना गेलं, आणि जे शिजलं ते कोणाच्या घशाखाली उतरलं नाही.

माझी माय माळकरी. गाडगेबाबा आमच्याच भागातले, शेंडगावचे. त्यांचं कीर्तन मायने ऐकलेलं, मुक्या जिवाला मारू नका हे तिच्या मनात पक्कं. ती त्या रात्री जेवली नाही. बाबांना एवढंच म्हणाली, "खायचं होतं तं धड खायचं होतं. जीवही गेला अन् अन्नही गेलं."

हे वाक्य माझ्या मोठ्या भावाला, आमच्या दादाला लागलं. तो तेव्हा सतरा-अठराचा. पुढचे दोन हंगाम तो दर्यापूरच्या बाजाराच्या दिवशी एका म्हाताऱ्या खाटकाच्या दुकानी जाऊन बसायचा. ओंडका धुवायचा, सुऱ्यांना धार लावायचा, बघायचा. त्या म्हाताऱ्याने त्याला शिकवलं ते दादा मला आयुष्यभर सांगत राहिला. आदल्या रात्री जनावराला चारा द्यायचा नाही, फक्त पाणी, म्हणजे पोट हलकं राहतं. मागच्या पायांनी टांगायचं. कातड्यात सुरी घालायची ती आतून बाहेर, म्हणजे केस कापून मांसावर पडत नाहीत. पुढे सुरी ठेवून द्यायची आणि मुठीने कातडं सोडवायचं. अन्ननळीला आधी गाठ मारायची, मागच्या बाजूलाही मारायची, मग पोट उघडायचं. पित्ताची पिशवी दोन बोटांनी अलगद काढायची. पाण्याचा हात कमी ठेवायचा, जेवढं पाणी तेवढं मांस लवकर बिघडतं.

पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि काळविटाचा विषय संपला, ते बरंच झालं. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, मारलं तर किमान तीन वर्षांची कैद. कारंजा-सोहोळचं अभयारण्य तर त्याच्यासाठीच आहे. आता शेतात हरणं आणि रोही येतात, शेतकरी रात्रभर जागतो, फटाके वाजवतो. नुकसान होतंच. पण त्यावर पुन्हा कधीतरी.

हरणं गेली, राहिला तो वाट्याचा बोकड. आमच्याकडे श्रावणात बंद असतं. श्रावणी अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी कर. करीच्या दिवशी दहा घरं मिळून एक बोकड घेत. वीस-बावीस किलोचा बोकड घेतला की हाती दहा-साडेदहा किलो मटण येतं, म्हणजे घरटी किलोभर. दादा कापायचा. मग पळसाच्या पानांवर दहा वाटे. प्रत्येक वाट्यात सगळं आलं पाहिजे, रान, चाप, नळी, कलेजीचा तुकडा, वजडी. मग एकाला पाठ करून उभं करायचं. दुसरा वाट्यावर बोट ठेवून विचारणार, "हा कोणाचा?" पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. त्यामुळे भांडणाला जागाच नाही. पाठमोरा उभा राहण्याचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे. मास्तर माणूस, पक्षपात करणार नाही, हे कारण लोक सांगत. खरं कारण असं, की मला बघवत नसे. मी मटण खातो, आवडीने खातो, पण सुरी मी कधी धरली नाही. शिजवायचं तेही अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर, पुरुषांनी. मायच्या चुलीला त्याचा स्पर्श नाही.

दादा गेल्या हिवाळ्यात गेला. यंदा पोळ्याच्या आधी पुतण्याचा फोन आला. "काका, कापणारं कोणी नाई. दर्यापुरातून किलो किलो आणून घेऊ का सारे जण? सातशे-आठशे रुपये भाव हाये. हिशोब तोच पडते." हिशोब तोच पडतो हे खरं होतं. पण वाटे राहणार नाहीत हेही खरं. मी म्हटलं, खाटकाला घरी बोलाव, मजुरी देऊ. तो म्हणाला, "बोलावतो. तुमचाच विद्यार्थी हाये तो." आणि त्याने नाव सांगितलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. पण ते ऐकून मी थोडा वेळ गप्प झालो. त्याचं कारण सांगायला हा लेख लिहायला घेतला, बाकी सगळं त्याच्यासाठीची प्रस्तावना समजा.

साधारण १९८५ ची गोष्ट. मी तालुक्याच्या शाळेत मराठी शिकवत होतो. सातवीच्या वर्गात एका पोराने चतुराच्या शेपटीला दोरा बांधून पंख उपटलेले मी पाहिले. मी संतापलो आणि म्हणालो, "खाटीक आहेस का रे तू?" वर्ग एकदम शांत झाला आणि सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. तिथे तो बसला होता. त्याच्या वडिलांचं बाजारात मटणाचं दुकान. त्याने काही केलं नव्हतं, चतुराशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याने मान खाली घातली. माझ्या लक्षात आलं, पण मी काय केलं? पुस्तक उघडलं आणि धडा पुढे चालू केला. तेव्हा "बाळ, माझं चुकलं" म्हणायला किती वेळ लागला असता!

त्यानंतर मी त्या दुकानात मटण घ्यायला गेलो नाही. लांबच्या दुसऱ्या दुकानात जायचो. लाज वाटायची, पण मी स्वतःला सांगायचो की तिथे मटण ताजं असतं.

करीच्या दिवशी सकाळी तो मोटारसायकलवर आला. पन्नाशी ओलांडलेली, केस पिकलेले. माझ्या पाया पडला. "सर, तब्येत कशी हाये?" मग बोकडाजवळ जाऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला, डोळे पाहिले, तोंड पाहिलं. आजारी जनावर कापत नाही म्हणाला. शहरातल्या कत्तलखान्यांना २००१ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने तपासून दाखला द्यावा लागतो, गाभण किंवा लहान पिल्लू असलेली मादी कापता येत नाही. गावात अंगणात कोण दाखला देणार? तिथे कापणाऱ्याची नजर हाच दाखला. पुण्याहून आलेल्या माझ्या नातवाला त्याने जवळ बोलावलं, म्हणाला, "पाहाचं अशीन तं इकडून पाहा, समोरून नको."

या वेळी मी पाठ केली नाही. म्हातारपणी का होईना, पाहिलं. सुरी एकदाच फिरली. मग टांगणं, मूठ घालून कातडं सोडवणं, दोन्हीकडे गाठी, पित्ताची पिशवी... सगळं अगदी दादासारखं. म्हणजे खरं तर दादाच यांच्यासारखं करायचा. सव्वा तासात दहा वाटे मांडून झाले. निंबाखाली वास नाही, माशा नाहीत. नातू शेवटपर्यंत उभा होता. त्याने एकच प्रश्न विचारला, "आबा, हे काका रोज करतात?" मी म्हटलं, "रोज. आपण खातो म्हणून."

वाटे वाटताना सवयीने पाठ करून उभा राहिलो. पुतण्या विचारायला लागला, हा कोणाचा, हा कोणाचा. चौथ्याला माझ्या तोंडून "दादाचा" निघून गेलं. कोणी काही बोललं नाही. पुतण्या म्हणाला, "हाव काका, आमचाच तो," आणि पुढच्यावर बोट ठेवलं.

तो हात धूत होता तेव्हा मी जवळ गेलो. म्हटलं, सातवीतलं एक सांगायचं आहे. त्याने नळ बंद केला. म्हणाला, "आठवते, सर. त्या दिवशी घरी जाऊन बाबाले म्हणलं, मी शाळेत जात नाई. बाबा म्हणे, मास्तर रविवारी आपल्याच दुकानात येतीन, तवा विचार त्यायले." थोडा थांबून म्हणाला, "मी लय रविवार वाट पाहिली. तुम्ही आलेच नाई."

मी हात जोडले. चुकलो म्हणालो. चाळीस वर्षांनी. तो म्हणाला, "असू द्या सर," आणि माझे हात खाली केले. पण "काही नाही" असं तो म्हणाला नाही, आणि ते बरोबरच होतं.

मजुरीचे सातशे ठरले होते, ते दिले. कातडं नेतो का विचारलं तर म्हणाला, चामड्याला आता कोणी विचारत नाही. मी पुतण्याला अकरावा वाटा काढायला सांगितला. तो हसला, "मास्तर, माह्या घरी रोजच हाये ते. भाकर खाऊन जाईन तेवढी." आणि आमच्यासोबत अंगणात बसून जेवून गेला. त्याचा मुलगा अमरावतीला फार्मसीला आहे, दुकान पुढे चालवणार नाही म्हणतो. पुढच्या करीला कोण येईल माहीत नाही. पुतण्याने मात्र त्याला विचारलं आहे, बाजाराच्या दिवशी येऊन बसलो तर चालेल का म्हणून.

तर भाच्या, तुझ्या मित्राला माझं मत सांग. स्वतः कापायचं असेल तर आधी कोणाजवळ तरी बसून शिक, नुसत्या हौसेपायी जनावराची माती करू नको. आणि पैसे देऊन करून घेणार असशील तर त्यातही कमीपणा नाही. मात्र ज्याला पैसे देतोस त्याच्या हातचं खाऊन त्याच्या धंद्याच्या नावाने कोणाला शिवी देऊ नको. मी दिली होती. मराठीचा मास्तर असून दिली होती.

परवा त्या दुकानावरून गेलो. अर्धा किलो घेतलं. त्याने पैसे घेतले, बरं वाटलं.

असो. तुमच्याकडे करीला वाटे होतात का अजून? कापतं कोण? कळवा.