कोण निघाली?

त्या व्हिडिओत चेहरा कुणालाच नसतो. टेबलावर पांढरा कागद अंथरलेला, वरून लख्ख उजेड, आणि चौकटीत फक्त दोन हात. नखांना फिकट जांभळं पॉलिश. आवाज येतो तो चौकटीच्या बाहेरून, लाडिक आणि जरा घाईतला. हातांत एक बंद नळकांडं असतं. त्यातून आधी छोट्या छोट्या पिशव्या निघतात, मग बाहुली निघते. आणि ती डोक्यापासून टाचेपर्यंत एकाच चकचकीत गुलाबी रंगात बुडवलेली असते. डोळे, ओठ, केसांचा रंग, सगळं त्या थराखाली. नाकाचा उंचवटा तेवढा कळतो. आता चेहरा नसलेली बाई चेहरा नसलेल्या बाहुलीला कोमट पाण्यात बुडवणार, आणि माझी भाची श्वास रोखून बसलेली. हा व्हिडिओ तिनं आधी पाहिलेला आहे. आतून कोण निघणार हे तिला पाठ आहे.

"मग परत कशाला बघतेस?"

"मावशी, गप्प ना. आता येईल ती."

मला हसू आलं, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. कीर्तनाला बसलेल्यांनाही वस्त्रहरणात शेवटी साड्या पुरणार हे माहीत असतंच की. तरी कृष्णाचा धावा सुरू झाला की मांडव चिडीचूप होतो.

या प्रकारच्या बार्बीला कलर रिव्हील म्हणतात. मॅटेल कंपनीनं ती २०२० साली बाजारात आणली. रिकामं नळकांडंच पाणी भरायला वापरायचं, बाहुली आत सोडायची, गोल गोल फिरवायची. रंग सुटतो, पाणी गढूळ होतं आणि आतली बाई वर येते. पिशव्यांतून स्कर्ट, बूट, डोक्याला जोडायचे जास्तीचे केस असा तिचा संसार. त्यावर आणखी एक करामत आहे. चेहऱ्यावरचा काही रंग बर्फाच्या पाण्यानं एक होतो, कोमट पाण्यानं दुसरा. अशा रंगात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कुप्या असतात. कुपीत रंगद्रव्य, त्याला रंग आणणारं सौम्य आम्ल आणि मेणासारखं एक द्रव्य. थंडीत मेण गोठलेलं असेपर्यंत रंग दिसतो. उबेनं ते वितळलं की आम्लाची आणि रंगाची फारकत होते आणि रंग मावळतो. परत गार करा, परत उगवतो. चहा ओतल्यावर चित्र बदलणारे मग मिळतात, त्यांतही हेच.

माझं एक मत कुणालाच पटत नाही. मला ती बाहुली धुण्याच्या आधी जास्त आवडते. एकाच रंगात बुडालेली, डोळे मिटल्यासारखी, कुणीही होऊ शकेल अशी. रंग उतरला की मग ती नेहमीचीच: तेच मोठे डोळे, तेच ओठ, दात दाखवण्याची तीच तयारी. कोण निघाली, कोण निघाली म्हणून एवढा जीव टांगणीला लावायचा आणि निघते कोण, तर हसरी. एखादी तरी झोपमोड झाल्यासारखी, कपाळाला आठी घालून निघायला हवी होती. पाण्यातून ओढून काढल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते गोदावरीच्या घाटावर कुणीही पाहू शकतं.

बार्बी स्वतःच मुळात एक मेकओव्हर आहे, हे तिच्या जन्मकथेत दडलेलं असतं. जर्मनीत 'बिल्ड' नावाच्या वर्तमानपत्रात लिली नावाची एक फटकळ, नखरेल पोरगी व्यंगचित्रांतून यायची. १९५५ साली तिची बाहुली निघाली, ती मुलींसाठी नव्हे, तर मोठ्या माणसांच्या थट्टामस्करीसाठी. दुसऱ्या वर्षी स्वित्झर्लंडच्या सहलीत रूथ हँडलर या अमेरिकन बाईंना ती दुकानात दिसली. घरी त्यांची मुलगी बार्बरा कागदाच्या बाहुल्यांशी खेळायची, कागदी फ्रॉकचे कान दुमडून त्यांच्या खांद्यांवर अडकवायची. त्या खेळातल्या बायका मोठ्या, नोकरी करणाऱ्या, नटणाऱ्या असायच्या. बाळाची बाहुली मांडीवर घेऊन आई व्हायचं, हा त्या काळचा ठरलेला खेळ बार्बराला पुरत नव्हता. हँडलरबाईंनी लिलीला सभ्य केलं, मुलीचं नाव दिलं आणि ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात उभी केली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख आणि नजर तिरकी. ती नजर समोर यायला १९७१ साल उजाडावं लागलं. बारा वर्षं बाहुली खेळणाऱ्या मुलीकडे सरळ बघतच नव्हती. मला ही गोष्ट फार आवडते.

वेश पालटण्याची हौसही तिला जुनीच. १९६३ साली एक बार्बी आली तिच्या डोक्यावर केसांचा नुसता साचा होता आणि सोबत तीन टोप. १९६६ साली कलर मॅजिक आली. तिच्या केसांना औषधाचं पाणी लावलं की पिवळे केस लालभडक होत, काळे केस माणकाच्या रंगाचे. दुसरं पाणी लावलं की मूळपदावर यायचे, निदान यावेत अशी अपेक्षा. पण तिथे बाहुली कोण आहे हे खोका उघडताच समोर असायचं. पुढचं पोरीनं ठरवायचं. आता उलट झालं आहे. काय करायचं ते कारखान्यात ठरतं. पोरीकडे धुण्याचं काम येतं.

केसांवरून आठवलं. वाईला आमच्या आजीकडे उन्हाळ्यात आम्ही सगळ्या मावसबहिणी जमायचो. एका वर्षी ठाण्याच्या मामीनं माझ्या मावसबहिणीला एक बाहुली आणली, टाचेपर्यंत केस असलेली. तसल्या केसांची बार्बी १९९२ साली निघाली होती आणि जगभर तिचा एक कोटीहून जास्त खप झाला, हे मला फार नंतर कळलं. मामीनं आणलेली खरी होती की तिची नक्कल, हे कुणी विचारलं नाही. आम्हाला केस दिसले होते. पिवळेधमक, गुळगुळीत, हातातून निसटणारे. दुपारभर आम्ही ते आळीपाळीनं विंचरले.

तिन्हीसांजेला आजीनं बाहुलीला बघितलं. "ही कोण केस मोकळे सोडून बसलीय?" दिवेलागणीला केस मोकळे सोडणं आजीच्या घरात चालत नसे, मग ती सून असो, नात असो, नाहीतर अमेरिकेची पाहुणी. तेलाची वाटी आमच्यासाठी आलेलीच होती. रांगेत बसवून आजीनं आमची डोकी चोळली, वेण्या घातल्या आणि त्याच ओघात बाहुलीलाही घेतली. मांडीवर पालथी घालून, टाळूवर खोबरेल थापून, भांग पाडून. आधी साधी तीन पेडांची वेणी, मग ती सोडून चार पेडांची, मग मनासारखी झाल्यावर तिचा खोपा. मोगऱ्याची एकच कळी खोवली. बाहुलीच्या डोक्याला ती गजऱ्याएवढी दिसत होती. मावसबहीण रडत होती. आजीला ते रडणं कळेना. "अगं, आता कशी घरची दिसते!"

खऱ्या केसाला बारीक खवले असतात, तो तेल धरतो, थोडं पिऊनही घेतो. बाहुलीचा केस म्हणजे नायलॉनची नाहीतर सारान नावाच्या प्लॅस्टिकची तार, टाळूच्या भोकाभोकांतून यंत्रानं शिवलेली. ती तेल पीत नाही, नुसती माखते. दुसऱ्या दिवसापासून आमची मोहीम सुरू झाली. शिकेकाई झाली. शिकेकाईचा चुरा मुळांशी बसला आणि बाहुलीला जणू कोंडा झाला. मग डाळीचं पीठ. मग मामानं सांगितलं म्हणून कपड्यांचा साबण. मग पावडर, म्हणजे ती पिवळ्या केसांची म्हातारी दिसू लागली. दर उपायानंतर तिला अंगणात तुळशीच्या कट्ट्यावर वाळत घालायची आणि सगळ्यांनी वास घेऊन बघायचा. खोबऱ्याचा वास गेला नाही, पण त्याच्यावर बाकीचे वास बसत गेले.

शेवटी थोरल्या बहिणीनं चहाच्या आधणाचं पाणी घेतलं. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिली गोळा करून एकेक बट त्यांच्यावर गुंडाळली, दोऱ्यानं बांधली आणि वरून कढत पाणी ओतलं. आम्हाला वाटलं, संपली. गार झाल्यावर रिफिली काढल्या तर केसांची स्प्रिंग झालेली! प्लॅस्टिकची तार उष्णतेनं मऊ होते आणि ज्या आकारात गार होते तो धरून बसते, बस्स. जुन्या बाहुल्या जमवणारे लोक आजही गरम पाणी आणि स्ट्रॉ घेऊन हेच करतात. आमच्या थोरलीनं ते वाईच्या मोरीत शोधून काढलं.

आजीला कुरळे केस बघून हुरूप आला. तिनं खणाच्या उरलेल्या तुकड्याचं पोलकं शिवायला घेतलं. ते काही जमेना. माणसाच्या सहाव्या हिश्श्याएवढी बाई, पण खणाचा धागा माणसाच्या मापाचा. पोलक्याची बाही पुठ्ठ्यासारखी ताठ उभी राहिली, निऱ्या कमरेवर मावेनात. बार्बी करणाऱ्यांनाही हाच पेच पडला होता. तिची पहिली कपडेकार शार्लट जॉन्सन पातळ कापड, बारीक चेन आणि त्याहून बारीक बटणं मिळवायला जपानात जाऊन राहिली होती. आणि कंबर एवढी बारीक का, तर कपडे चढवायला-उतरवायला सोपे जावेत, असं कंपनीचे लोक सांगत आले आहेत. मला हे उत्तर अर्धंच पटतं, पण आजीची पंचाईत बघितली असल्यामुळे अर्धं तरी पटतं.

"आमच्या ठकीचं बरं होतं," आजी शेवटी सुई टोचून ठेवत म्हणाली. "तिचं लुगडं रंगातच होतं. नेसवायला नको, सोडायला नको." ठकी म्हणजे एका लाकडात कोरलेली, हात अंगाला चिकटलेले, डोळे रंगवलेले. तिला कुणी नटवू शकत नव्हतं. तिला नुसतं जेवायला वाढायचं आणि तिचं लग्न लावायचं. ते लग्नही एकदा नव्हे, दर सुट्टीत.

मावसबहिणीची ती बाहुली पुढे बरीच वर्षं होती. तिची वेगवेगळी नावं झाली, एकदा तिचे केस कापून बॉयकट झाला, एका गॅदरिंगमध्ये ती झाशीची राणी झाली. आश्चर्य म्हणून कुणी विकलेलं तिच्यात काहीच नव्हतं.

आजच्या आश्चर्याच्या बाजाराला एल.ओ.एल. सरप्राइजनं वेग दिला. २०१६ च्या अखेरीस आलेले ते गोळे, सोलत जायचे, एकेका पापुद्र्याखाली काहीतरी. लोक इंटरनेटवर खोकी उघडताना बघत बसतात हे पाहूनच ते बनवले होते. म्हणजे आधी बघणारे आले, मग बघण्याजोगी वस्तू. दुकानात उभं राहून आत कोण आहे ते कळत नाही, आणि नको ती निघाली तर उपाय एकच, आणखी एक विकत घ्यायची. मुलांचा हट्ट मला समजतो. मोठ्यांनी तो खोक्यातच भरून विकावा, हे मला आवडत नाही.

ते गोळे एम.जी.ए. या कंपनीचे. तिच्याच ब्रॅट्झ नावाच्या बाहुल्या २००१ पासून होत्या, भरगच्च ओठांच्या, पापण्यांवर रंगाचा लपेटा. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात सोनिया सिंग नावाच्या बाई अशा टाकून दिलेल्या बाहुल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून आणायच्या. नेलपॉलिश काढायच्या द्रवानं कारखान्याचा चेहरा पुसून टाकायचा आणि ब्रशनं नवा काढायचा: बारीक डोळे, नाकावर चार ठिपके, साधे ओठ. पायांना घरी केलेले सपाट बूट. स्वेटर सोनियाची आई विणायची. २०१५ मध्ये त्यांचे फोटो जगभर फिरले, मागणी हाताबाहेर गेली, आणि मग सोनियानं हे घरी कसं करायचं तेच लोकांना शिकवायला घेतलं. त्या फोटोंतल्या बाहुल्या अंगणात, झाडावर, मातीत बसलेल्या असतात. हसत नाहीत. त्यांच्याकडे बघून मला पहिल्यांदा वाटलं की ही जेवली असेल का.

भाचीच्या वाढदिवसाला तिची स्वतःची कलर रिव्हील आली. पाणी ढवळताना तिनं अगदी त्या व्हिडिओतल्या बाईच्या आवाजात बोलून दाखवलं, मला फक्त हात दिसतील असा फोन धरायला लावला. मग फोन विसरली आणि ओरडली. माझ्या अंदाजाप्रमाणे हसरीच निघाली. संध्याकाळपर्यंत तिचं गरम पाणी, गार पाणी असं चाललं होतं. मग ओठांचा रंग बदलण्यातली मजा संपली आणि भाचीनं फणी मागितली.

तर घ्यायला हरकत नाही. पाण्याचा खेळ खरोखर सुरेख आहे, नळकांडं टाकू नका, आणि पांढऱ्या टॉवेलवर बाहुली टिपू नका. पोरं लगेच दुसरी मागतील. पहिलीचे केस चांगले गुंतेपर्यंत ती आणू नका.