अर्ध्या मैलाचं अंतर

आमच्या विंडसरला कोणी नवीन पाहुणा आला की त्याची एक फजिती मी हमखास करते. नदीकाठी नेऊन विचारते, "समोर डेट्रॉइट दिसतंय. सांगा, आपण कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत?" पाहुणा छातीठोकपणे सांगतो, "दक्षिणेला! अमेरिका कॅनडाच्या खालीच ना?" पण नदी इथे अशी काही वळते की अमेरिका आमच्या चक्क उत्तरेला येते. नकाशात शिकलेलं आणि डोळ्यांना दिसणारं यात फरक असतो, हा आमच्या गावाचा पहिला धडा.

सीमा मला नवीन नव्हती. माझं माहेर गडहिंग्लजचं. पलीकडे संकेश्वर, ते कर्नाटकात. पण संकेश्वरी मिरचीचा बाजार भरायचा आमच्या गडहिंग्लजला! 1956 साली राज्यांची रेघ कुठेही ओढली गेली असो, मिरची आपली यायची, लग्नं जुळायची आणि आत्याबाई दर आठवड्याला एस.टी.ने येऊन आईशी भांडून जायच्या. 1988 साली लग्न होऊन विंडसरला आले तेव्हा मला वाटलं, हेही तसंच असणार. आणि बरीच वर्षं ते तसंच होतं.

आमचे हे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होते. त्यांच्याकडून मी ऑटो पॅक्टचं पुराण इतक्या वेळा ऐकलंय की आता सत्यनारायणाच्या कथेसारखं पाठ झालंय. जानेवारी 1965 मध्ये कॅनडाचे पंतप्रधान पिअर्सन आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी जॉन्सनसाहेबांच्या टेक्सासमधल्या रँचवर सही केली, आणि ठरलेल्या अटी पाळणाऱ्या कंपन्यांच्या मोटारी व सुटे भाग जकातीशिवाय इकडून तिकडे जाऊ लागले. मग 1 जानेवारी 1989 ला दोन देशांचा मुक्त व्यापार करार, 1994 ला मेक्सिकोसह नाफ्टा, आणि 1 जुलै 2020 ला त्याच्या जागी आलेला नवा करार. "अगं, एकच भाग मोटारीत बसेपर्यंत कित्येकदा पूल ओलांडतो," हे सांगायचे. "ओतकाम इथे, घासकाम तिथे, जोडणी पुन्हा इथे." दोन्ही देशांच्या एकूण मालव्यापारापैकी सुमारे पाव हिस्सा आमच्या 1929 च्या अँबॅसडर ब्रिजवरून जातो, हे ऐकून मला उगीचच आपल्या मालकीचा पूल असल्यासारखं वाटायचं.

धाकटा भाऊ 1994 ला मिशिगनमध्ये आला. बाबा गेल्यावर 2003 साली आईही त्याच्याकडे आली. तेव्हापासून गणपती त्याच्याकडे आणि दिवाळी आमच्याकडे, हा आमचा घरगुती करार. सही-शिक्क्याशिवाय सतरा वर्षं बिनतक्रार चालला! कस्टम्सचा माणूस डबा बघून विचारायचा, "यात काय?" मी म्हणायची, "लाडू." एकदा एकाने एक मागूनही घेतला. 11 सप्टेंबर 2001 नंतर चौकशी वाढली, रांगा लांबल्या, पासपोर्ट लागायला लागला. पण वाट चालू होती.

मार्च 2020 मध्ये ती बंद झाली. बंद म्हणजे आपल्यासारख्यांना. ट्रक मात्र चोवीस तास धावत होते. आमची शेजारीण डेट्रॉइटच्या हॉस्पिटलात नर्स. तीही रोज जात होती, कारण ती 'आवश्यक' होती. आईने अंथरूण धरलं नोव्हेंबरमध्ये. मी नदीकाठी उभी राहून समोरचे दिवे बघायची. आईला बघायला जाणारी मुलगी त्या यादीत 'आवश्यक' नव्हती.

मग कोणीतरी सांगितलं, बंदी फक्त जमिनीवरून आहे, विमानाने जाता येतं! म्हणजे काय, तर पुलावरून वीस मिनिटांच्या वाटेसाठी आधी उलट दिशेने पावणेचारशे किलोमीटर टोरांटोला जायचं, तिथून विमान, मध्ये एका ठिकाणी ते बदलायचं, आणि उतरायचं कुठे? डेट्रॉइटला. सबंध दिवस मोडला. पण आई भेटली. तिने विचारलं, "एवढा उशीर? पुलावर गर्दी होती का गं?" मी म्हटलं, "हो, फार गर्दी होती." तिसऱ्या दिवशी ती गेली. परत येताना कॅनडाची नागरिक म्हणून मला पुलावरून घेतलं, वीस मिनिटांत घरी. त्यानंतर चौदा दिवस खोलीत एकटी. सुतक आणि क्वारंटाइन एकत्रच फिटलं म्हणायचं.

सीमा उघडली 2021 च्या शेवटी. फेब्रुवारी 2022 मध्ये निदर्शकांनी सहा दिवस पूल अडवला, तेव्हा दोन्ही काठांवरच्या कारखान्यांच्या पाळ्या बंद पडल्या. त्या वेळी माल अडला. तेव्हाही भावाचा फोन आला होता, "ताई, काळजी करू नकोस, दोघांचीही नोकरी एकाच पुलावर टांगलीय!" आम्ही हसलो होतो.

2025 मध्ये हसू आलं नाही. मार्चमध्ये अमेरिकेने कॅनडाच्या मालावर 25 टक्के जकात लावली. करारात बसणाऱ्या मालाला दोन-तीन दिवसांत सूट दिली, पण पोलाद, अॅल्युमिनियम आणि 3 एप्रिलपासून मोटारींवर वेगळी जकात आलीच. कॅनडानेही उलट जकात लावली. ऑन्टारिओच्या सरकारी दुकानांतून अमेरिकन दारू उतरवली गेली. आमच्या गावातला मोठा मोटार कारखाना एप्रिलमध्ये दोन आठवडे बंद राहिला. माझा मुलगा साचे बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात इंजिनिअर. नव्या मॉडेलांच्या ऑर्डरी "सध्या थांबा" म्हणून थांबल्या आणि त्याला आठवड्यातून तीनच दिवस काम राहिलं.

अशात भाऊ फोनवर सहज बोलून गेला, "अरे, थोडं सोसावं लागेल, पण कारखाने इकडे परत येतील." मुलगा म्हणाला, "मामा, मग तुमचा गणपतीही तुमच्याकडेच राहू दे. मी येणार नाही." फोन ठेवला. पोरगा तीस वर्षांचा, त्याला काय सांगणार? त्याच्यासारखे पुष्कळ कॅनडियन त्या वर्षी रागाने पलीकडे जायचे थांबले होते. पण आमच्याकडे राग अमेरिकेवर नव्हता, मामावर होता.

चतुर्थी 27 ऑगस्टला होती. आदल्या रविवारी दारात गाडी वाजली. बघते तर भाऊ आणि वहिनी. हातात आईचं चांदीचं निरांजन आणि तांब्याचं ताम्हण. "ताई, या वर्षी गणपती इथेच बसवूया."

जेवताना तो हळूच मुलाला म्हणाला, "तुला सांगितलं नव्हतं. आमच्या कंपनीत पंधरा जण कमी केले. सुटे भाग विंडसरहून येतात, आणि जकात भरतो मागवणारा, म्हणजे आम्हीच. कारखाने येतील तेव्हा येतील." मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, भात घ्या ना अजून." आमच्या घरात माफी अशीच मागतात आणि अशीच देतात.

नंतर भाऊ पुलावरची गंमत सांगत होता. कस्टम्सच्या मुलीने निरांजन हातात घेऊन विचारलं, "विकायला नेताय का?" "नाही, आमच्या आईचं आहे." "किंमत किती?" भाऊ म्हणाला, "मला काही सांगताच येईना गं, ताई." मागे रांग वाढत होती. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हात हलवून जायला सांगितलं.

त्या नव्या कराराचा सहा वर्षांनी, म्हणजे जुलै 2026 मध्ये, फेरआढावा घ्यायचा असं करारातच लिहिलेलं आहे. आमच्या घरच्या कराराचा फेरआढावा त्या रविवारी झाला. दिवाळी मिशिगनला ठरली. लाडू मी नेले. मुलगा गाडी चालवत होता.