एक ठोका चुकला तर?

बालमित्रांनो, मनगटावरच्या नाडीवर बोटे ठेवा आणि घड्याळ लावून मिनिटभर मोजा बघू! ऐंशी-नव्वद भरले ना? आता सांगा, तुमच्या दहापट वजनाच्या घोड्याचे ठोके किती असतील? आणखी जास्त? छे! शांत उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला फक्त २८ ते ४४. हृदय मात्र चांगले चार किलोंच्या आसपास!

हे मला कळले ते आमच्या गल्लीतल्या मामांच्या घोडीमुळे. आमचे डोंगरकडा हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात. मामांनी माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतून ही पांढरी घोडी आणली होती. लगीनसराईत वरातीला तीच, आणि मामांचे घर चाले तेही तिच्यावरच.

एकदा घोडी सारखी लोळू लागली, वळून पोटाकडे बघू लागली. हाच तो शूळ. पोट कितीही फुगले तरी घोड्याला उलटी करून मोकळे होता येत नाही. तिच्या आतड्याला पीळ पडला होता. जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करावे लागले. मामांबरोबर मीही गेलो.

ऑपरेशन झाले, घोडी उभी राहिली. मामा म्हणाले, "सुटलो बाबा!" पण डॉक्टर तिच्या डाव्या कोपराच्या मागे स्टेथस्कोप लावूनच होते. त्यांनी मला समजावले. घोड्याला भूल देणे फार जोखमीचे. चार-पाचशे किलोंचे धूड आडवे झाले की पोटाचा भार फुप्फुसांवर येतो, प्राणवायू कमी पडतो, रक्तदाब उतरतो. भूल दिलेल्या शंभर घोड्यांमागे साधारण एक दगावतो. आणि शुद्धीवर आल्यावरही धोका संपत नाही. आतड्यातले विष रक्तात भिनले किंवा पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम कमी झाले, तर हृदयाची लय बिघडते.

दुसऱ्या दिवशी नेमके तेच झाले. ठोके भराभर, वेडेवाकडे पडू लागले. मामा रडकुंडीला आले. "साहेब, हिचा एखादा ठोका तर आधीपासूनच चुकतो हो!"

"ते चुकणं वेगळं," डॉक्टर म्हणाले. "तंदुरुस्त घोडा निवांत असला की मधूनच एखादा ठोका गाळतो. पळवला की पुन्हा सुरळीत! तो काही आजार नव्हे. आता मात्र मध्येच जादा ठोके घुसताहेत."

ई.सी.जी.च्या कागदावर ते जादा ठोके मला दिसले. उंचसखल डोंगरच जणू! रक्त तपासून शिरेतून क्षार आणि औषध दिले. रात्रभर मोजणी चालू होती. पहाटे लय जागेवर आली. प्रत्येक घोड्याचे नशीब असे नसते, हेही डॉक्टरांनी सांगितले.

दोस्तांनो, नेहमीचे काय ते ठाऊक असेल, तरच बिघडलेले ओळखता येते. तुमच्या दावणीला घोडा, बैल, शेळी काहीही असो; ते बरे असतानाच त्याचे ठोके मोजून वहीत लिहा. घोड्याची नाडी जबड्याखाली आतल्या बाजूला लागते. सोबत मोठे माणूस हवे, आणि घोड्याच्या मागून कधीही जायचे नाही! पालकांनो, शुळाची शंका आली तर काढे पाजण्यात वेळ घालवू नका, आधी डॉक्टरांना बोलवा.

आणि हो, कुणाला पशुवैद्य व्हावेसे वाटले, तर मुंबईत १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आपल्या मराठवाड्यात परभणी आणि उदगीरलाही आहे. तोवर सराव म्हणून वही उघडा, आणि मोजायला लागा!