आज्ञा कोणाची, विश्वास कोणावर

ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या अध्यापनात आयुष्याचा मोठा भाग घालविलेल्या माणसाची ज्या एका प्रश्नाशी दरवर्षी नव्याने गाठ पडते, तो प्रश्न असा की, मनुष्याचे तारण जर देवाच्या कृपेने आणि विश्वासाच्या द्वारे होत असेल, आणि ती कृपा जर कोणत्याही पुण्याईच्या मोबदल्यात मिळत नसेल, तर आज्ञापालनाचे प्रयोजन काय उरते? हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी बहुधा खेड्यातल्या मंडळीत वाढलेला, स्तोत्रे मुखोद्गत असलेला आणि पौलाची पत्रे प्रथमच बारकाईने वाचू लागलेला असतो. त्याच्या विचारण्यात वितंडवादाची हौस नसते, मनापासूनची अडचण असते. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल नियमशास्त्राच्या कर्मांना तारणाच्या हिशेबातून वगळतो, आणि त्याच नव्या करारात याकोब मात्र कृतीवाचूनच्या विश्वासाला निर्जीव ठरवितो. नवल असे की, दोघेही आपल्या पक्षाच्या साक्षीला एकाच पुरुषाला उभे करतात आणि तो पुरुष म्हणजे अब्राहाम. मार्टिन ल्यूथरला ही विसंगती इतकी बोचली की, 1522 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला पौलाच्या पत्रांपुढे अगदीच गौण लेखले.

परंतु दोघांनी अब्राहामाच्या चरित्रातले कोणते प्रसंग निवडले आहेत, हे पाहिले म्हणजे गुंता पुष्कळ अंशी सुटतो. पौलाची नजर उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायावर आहे, जेथे निपुत्रिक अब्राहाम रात्री आकाशाखाली उभा आहे, हाती काहीच नाही आणि तरीही देवाच्या वचनावर त्याने भार टाकला आहे. याकोबाची नजर बाविसाव्या अध्यायावर आहे, जेथे तोच अब्राहाम इसहाकाला घेऊन मोरियाच्या डोंगराची वाट चढतो आहे. या दोन प्रसंगांमध्ये बऱ्याच वर्षांचे अंतर पडलेले आहे. पौल विश्वासाचा जन्म सांगतो आणि याकोब त्याच विश्वासाचे प्रौढ वय दाखवितो. त्या वयातही ज्याला चालता येत नाही, तो विश्वास जन्मालाच आला होता की नाही, अशी रास्त शंका याकोब उपस्थित करतो. स्वतः पौलानेही रोमकरांस पत्राच्या आरंभी आणि अखेरीस विश्वासातून निपजणाऱ्या आज्ञाधारकपणाचा उल्लेख केला आहे, ही गोष्ट घाईने वाचणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. आज्ञापालन हे कृपेचे मोल नव्हे. ज्याच्यावर आपण खरोखर विसंबलो आहोत, त्याच्या शब्दावरून पाऊल उचलणे म्हणजे आज्ञापालन. म्हणूनच एखाद्या माणसाचा विश्वास कोणावर आहे हे जाणून घ्यावयाचे असेल, तर त्याने तोंडपाठ केलेला विश्वासांगीकार ऐकण्यापेक्षा, अडचणीच्या वेळी तो कोणाची आज्ञा मानतो हे पाहावे, असे माझे दीर्घ चिंतनाअंती झालेले मत आहे.

एवढे मान्य केले की लगेच दुसरा आणि अधिक नाजूक प्रश्न उद्भवतो. देवाची आज्ञा आपणापर्यंत पोहोचते ती बहुधा माणसांच्या मुखाने: आईबापांच्या, पाळकाच्या, बिशपांच्या, मंडळीच्या पंचांच्या. तेव्हा त्यांची आज्ञा ती देवाचीच आज्ञा, असे समजावे काय? ख्रिस्ती संन्यस्त परंपरेने या प्रश्नाचा विचार फार गंभीरपणे केला आहे. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीत आज्ञाधारकतेला स्वतंत्र प्रकरण आहे. इग्नेशियस लोयोला याने 1553 मध्ये पोर्तुगालमधील आपल्या संघबंधूंना याच विषयावर लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्या शिस्तीची फळे मराठी वाचकाने परकी मानण्याचे कारण नाही. 1579 मध्ये गोव्यास उतरलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स हा त्याच आज्ञापालनाचे व्रत घेतलेला होता. त्या व्रताने त्याला साष्टीच्या भूमीत आयुष्यभर बांधून ठेवले, आणि त्या बांधिलकीतूनच 1616 मध्ये मराठी ओवीचे वैभव मिरविणारे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. स्वतःच्या लहरीला मुरड घालून संघाच्या आज्ञेत राहणाऱ्या माणसाच्या हातून केवढे कार्य होऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या भाषेत क्वचितच सापडेल.

मात्र हे व्रत त्याने स्वेच्छेने घेतलेले होते. जेथे आज्ञाधारकता भयाने वसूल केली जाते, तेथे तिचे स्वरूप पालटते. हिटलरच्या जर्मनीत, रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा आधार पुढे करून, सत्ताधीशांपुढे मान तुकविणे हेच ख्रिस्ती कर्तव्य असल्याचे पुष्कळांनी प्रतिपादन केले. 1938 मध्ये तर पाळकांकडून हिटलरवरील निष्ठेची शपथ मागण्यात आली. याच काळात डीट्रिख बोनहोफर हा तरुण धर्मशास्त्रज्ञ फिंकेनवाल्डे येथे, राजमान्यता नसलेल्या एका लहानशा पाठशाळेत, भावी पाळकांना डोंगरावरील प्रवचन शिकवीत होता. 1937 मध्ये पोलिसांनी ती पाठशाळा बंद केली आणि त्याच वर्षी त्याचा शिष्यत्वावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. विश्वास आधी आणि आज्ञापालन मागाहून, असा क्रम लावून माणूस आज्ञापालन कायमचे लांबणीवर टाकतो, हे त्याने त्या ग्रंथात निर्भीडपणे दाखविले. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लॉसेनब्युर्ग येथे त्याला फाशी देण्यात आली. यरुशलेमच्या न्यायसभेपुढे उभा राहून, माणसांच्या आज्ञेहून देवाची आज्ञा वरचढ असल्याचे ठणकावून सांगणाऱ्या पेत्राचा तो खरा वंशज होता.

परंतु या प्रश्नाचा सर्वांत सूक्ष्म उलगडा मला जर्मनीत सापडला नाही. तो पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात सापडला. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तेथील मठातील सिस्टर जेराल्डाइन या त्यांच्या धर्ममाता. त्यांचा रमाबाईंवर आणि त्यांच्या चिमुकल्या मुलीवर, मनोरमेवर, खरा जीव होता, हे त्या पत्रांवरून स्पष्ट दिसते. आणि म्हणूनच पुढचा संघर्ष अधिक हृदयस्पर्शी वाटतो. त्रैक्याच्या सिद्धांतासंबंधी रमाबाईंच्या मनात शंका होत्या, अथानासियसच्या नावाने चालत आलेल्या विश्वासांगीकारातील काही विधाने त्यांना मान्य होत नव्हती, आणि ज्या गोष्टीची खात्री पटलेली नाही तिला होकार देणे त्यांच्या प्रामाणिकपणाला मानवत नव्हते. सिस्टर जेराल्डाइनना हा अहंकार वाटला. नवदीक्षिताने प्रथम मान लववावी, समज यथाकाल येईल, अशी त्यांची धारणा होती. चेल्टनहॅमच्या विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र त्या शंकांना शंका म्हणूनच वागविले आणि पत्रोपत्री धीराने उत्तरे दिली. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला आणि हिंदुस्थानातील बिशपांच्या हरकतीचा आधार घेऊन त्यांना मना करण्यात आले, तेव्हा तर त्यांचे पत्र विजेसारखे कडाडले. मला विवेकबुद्धी आहे. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले ते दुसऱ्या पुरोहितवर्गाचे चढवून घेण्यासाठी नव्हे, असा त्या पत्राचा आशय आहे.

याच पत्रव्यवहारात एक लहानसा प्रसंग येतो, तो मला फार अर्थपूर्ण वाटतो. त्यांच्यापुढे आलेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. जी भाषा मला कळत नाही आणि माझ्या देशभगिनींना कळणार नाही, तिच्यापेक्षा संस्कृत अक्षरे का नसावीत, असे त्यांनी विचारले. क्रूस त्यांना हवाच होता. मात्र ज्या चिन्हाशी जन्मभराची निष्ठा जोडावयाची, त्याचा अर्थ आपल्या अंतःकरणाला उमगला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. या आग्रहाला अवज्ञा म्हणणे ज्याला सुचते, त्याला आज्ञापालनाचे मर्म समजलेले नाही असे मी म्हणेन. कारण याच बाईंनी पुढे, कोणीही आज्ञा केलेली नसताना, ज्या आज्ञा पाळल्या त्यांची बरोबरी करणारी माणसे आपल्या इतिहासात थोडी आहेत.

1889 मध्ये मुंबईत स्थापन केलेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यास आले. विधवांना आणि मुलींना त्यांचा धर्म सांभाळून शिक्षण देण्याचे अभिवचन रमाबाईंनी दिले होते आणि ते पाळण्याची त्यांनी शिकस्त केली; परंतु स्वतः प्रार्थना करताना आपल्या खोलीचे दार लावून घेण्यास त्या कबूल झाल्या नाहीत. ज्या मुलींना यावेसे वाटले त्या त्या उघड्या दारातून येऊन बसू लागल्या. वर्तमानपत्रांतून गदारोळ उठला आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संस्थेशी असलेला संबंध सोडला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांची बाजू अगदीच पोकळ होती असे मी म्हणणार नाही, कारण पालकांचा विश्वास ही देखील एक ठेव असते. परंतु दार लावण्याची सक्ती ज्यांनी मानली नाही, त्यांनी आत येण्याची सक्तीही कोणावर केली नाही, ही गोष्ट न्यायबुद्धीने नमूद केली पाहिजे. वाँटेजला जी मोकळीक त्यांनी स्वतःसाठी मागितली, तीच त्या दुसऱ्यांना देऊ पाहत होत्या.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना घेऊन परतल्या. स्वतःच्या बालपणी त्यांनी दुष्काळाची वणवण सोसली होती, आईबाप गमावले होते. तेव्हा ही हाक त्यांना कोणा वरिष्ठाच्या हुकुमाने ऐकू यावी लागली नाही. पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, तेव्हा या मुलींसाठी केडगावच्या माळरानावर मुक्तिसदन उभे राहिले. अमेरिकेतील मित्रमंडळाने दिलेली दहा वर्षांच्या साहाय्याची हमी 1898 मध्ये संपली, आणि पुढे, ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र वाचून बळावलेल्या विश्वासाने, त्या देवावर भिस्त ठेवून शेकडो तोंडांच्या अन्नाची जबाबदारी उचलत राहिल्या. उत्तरायुष्यात हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून त्यांनी पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले, आणि मुक्तीच्या छापखान्यात, तेथल्याच स्त्रियांच्या हातांनी, त्याचे खिळे जुळू लागले. 1921 मध्ये मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई निवर्तल्या, आणि 1924 मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. न समजलेल्या लॅटिन अक्षरांपुढे मान न तुकविणारी स्त्री, आपल्या भगिनींना देवाचा शब्द समजावा म्हणून वृद्धापकाळापर्यंत खपत राहिली. त्या नकारात आणि या कष्टात एकच निष्ठा आहे.

दुसऱ्याच्या वतीने आज्ञापालन करता येत नाही, याचा तितकाच हृद्य दाखला टिळक दांपत्याच्या चरित्रात मिळतो. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला 1900 मध्ये. मधल्या काळातील ताटातूट, सोवळ्याओवळ्याशी चाललेला त्यांचा झगडा आणि अखेर स्वतःच्या बुद्धीने गाठलेला निर्णय हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त ज्या निर्मळपणाने सांगितले आहे, त्याची सर एखाद्या प्रबंधाला येणार नाही. नवऱ्याच्या पाठोपाठ मुकाट्याने जाणे हीच त्या काळी स्त्रीची आज्ञाधारकता मानली जात होती. लक्ष्मीबाई स्वतःची वाट चालून पोहोचल्या, म्हणून त्यांचा विश्वास उसना राहिला नाही. आणि टिळकांनीही 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, तो याच न्यायाने.

ही थोरामोठ्यांची उदाहरणे झाली. परंतु आज्ञापालनाची खरी कसोटी सामान्य माणसाच्या घरात आणि शेतात लागते. नगर जिल्ह्यातील एका खेड्यात मी पाहिलेली गोष्ट सांगतो. प्रभुभोजनाच्या रविवारी मत्तयाच्या पाचव्या अध्यायावर प्रवचन झाले: वेदीपाशी अर्पण आणले असता भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर प्रथम जाऊन समेट करावा, या आज्ञेवर. मंडळीतले एक वयस्क पंच भाकर वाटली जाण्यापूर्वीच उठले आणि डोक्याला पटका गुंडाळीत बाहेर पडले. वडिलार्जित जमिनीच्या वाटणीत बांधालगतची एक पट्टी त्यांच्या नावे चढली होती. कागद त्यांच्या बाजूने होता, हक्क भावाच्या बाजूने. ते सरळ भावाच्या दारी गेले. वर्षानुवर्षे ज्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता तेथे बसले, पाणी मागून प्याले, आणि पुढच्या आठवड्यात दोघे भाऊ मिळून तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज देऊन आले. पाळकसाहेबांनी त्यांना नाव घेऊन काही सांगितले नव्हते. पंचायतीचा ठराव नव्हता, दाव्याची नोटीस नव्हती. म्हातारबाबांनी एक वचन खरे मानले आणि ते मानल्याबरोबर त्यांना प्रार्थनेत बसून राहणे अशक्य झाले. पौल आणि याकोब यांच्यातला वाद त्यांनी कधी ऐकलाही नसेल. मात्र त्या सकाळी त्यांच्या चालण्यात तो मिटलेला होता.

आज आपल्या मंडळ्यांत शिस्तीविषयी पुष्कळ बोलले जाते. तरुण ऐकत नाहीत, पंच जुमानत नाहीत, वडीलधाऱ्यांचा मान राहिला नाही, अशी तक्रार कानी पडते. आणि त्याच वेळी मंडळ्यांच्या मिळकतींचे तंटे धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत आणि न्यायालयांत वर्षानुवर्षे तुंबून राहतात, त्यांत वादी आणि प्रतिवादी हे दोघेही एकाच प्रभूचे नाव घेणारे असतात. ही अवस्था पाहून मला मनस्वी दुःख होते. आज्ञापालनाची मागणी जो करतो, त्याने प्रथम हे दाखविले पाहिजे की, तो स्वतः कोणाच्या तरी आज्ञेत आहे. अन्यथा त्याची मागणी ही केवळ हुकमत ठरते, आणि हुकमतीपुढे माणसे वाकतात वा बंड करतात, विश्वास मात्र धरीत नाहीत. ज्या प्रभूने गेथशेमानेत स्वतःच्या इच्छेवर पित्याची इच्छा वरचढ ठेविली, त्यानेच आदल्या घटकांत शिष्यांचे पाय धुतले होते, आणि तसेच करा म्हणून सांगितले होते. ख्रिस्ताच्या नावाने आज्ञा देण्याचा अधिकार त्या नमण्यातून येतो. तेव्हा पंचांनी, पाळकांनी आणि आम्हा शिक्षकांनी दुसऱ्यांच्या अवज्ञेची यादी करणे आता थांबवावे, ज्या एका आज्ञेविषयी आपल्या मनात शंका उरलेली नाही ती स्वतः पाळावी, आणि शंका घेणाऱ्याला रमाबाईंनी मागितली तेवढी मोकळीक द्यावी. विश्वास धरण्याजोगे काही आहे, हे पुढच्या पिढीला त्यावरूनच कळेल.