गच्चीवरचा पुदिना

सोसायटीची नोटीस आली: गच्चीवरच्या सर्व कुंड्या सात दिवसांत हटवाव्यात. 'सर्व' म्हणजे अम्मीच्याच. पुदिना, कोथिंबीर, मिरच्या आणि एक कढीपत्ता. गावची शेती सुटल्यापासून फज्रची नमाज झाली की ती गच्चीवर जायची. नोटीस ऐकून एवढंच म्हणाली, "मिट्टीसे भी तकलीफ होती क्या?"

खरं सांगतो, माझ्या मनात पहिली शंका आली ती आमच्या आडनावाची. काही अनुभव गाठीशी असले की ती येतेच. पण वरच्या मजल्यावरच्या काकूंनी घरात नेऊन छताची ओल दाखवली, तेव्हा मी गप्प झालो. फूटभर ओल्या मातीचा थर एका चौरस मीटरवर सुमारे अर्धा टन भरतो. गच्ची सगळ्यांची, गळती मात्र एकाच घरात.

म्हणजे नियम हवा. पण नियम म्हणजे सरसकट बंदीच का?

अमेरिकेत फ्लोरिडातल्या मायामी शोअर्समध्ये हर्माइन रिकेट्स आणि टॉम कॅरल हे जोडपं 17 वर्षं घरापुढच्या अंगणात भाजी पिकवत होतं, कारण मागच्या अंगणात पुरेसं ऊन नव्हतं. 2013 मध्ये तिथल्या स्थानिक प्रशासनाने पुढच्या अंगणात भाजीपाल्याला बंदी केली. फुलं चालतील, भाजी नाही! रोज 50 डॉलर दंडाच्या धाकाने त्यांनी वाफे उपटले, कोर्टात गेले आणि हरले. शेवटी 2019 मध्ये राज्याने कायदा करून स्थानिक प्रशासनाचा हा अधिकारच काढून घेतला. मात्र घरमालकांच्या खासगी संघटनांना तो कायदा लागू नाही. म्हणजे आपल्या सोसायट्यांसारख्यांना.

फिरून गोष्ट शेजाऱ्यांपाशीच येते. म्हणून मी वार्षिक सभेसाठी लेखी प्रस्ताव दिला आहे: कुंड्या कमी, लोखंडी स्टँडवर, माती कमी आणि कोकोपीट जास्त, आधी वॉटरप्रूफिंग आणि त्या खर्चात आमचा जादा वाटा.

लावलेल्या रोपाचं माणसाने, जनावराने, पाखराने खाल्लं तरी तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, असं हदीसमध्ये आहे. अम्मीने ते आधीच अमलात आणलंय. गच्चीवरचा शेवटचा पुदिना खुडून ती काकूंना देऊन आली.

सध्या कुंड्या आमच्या खिडकीत आहेत. ऊन कमी पडतं, पानं पिवळी पडताहेत. सभा पुढच्या रविवारी आहे.