वारणाकांठचा धडा

कोल्हापुरास जाणारा प्रवासी अंबाबाईचें दर्शन घेतो, रंकाळ्यावर फेरी मारतो, पन्हाळा व जोतिबा पाहतो आणि परततो. वारणानगरचें नांव त्याच्या टिपणांत क्वचितच असतें. पुणें-बंगळूर हमरस्त्यावर वाठारास पश्चिमेकडे वळलें म्हणजे डाव्या हातास जोतिबाचा डोंगर राहतो, व उसाच्या फडांतून रस्ता वारणानगरास पोंचतो. प्राचीन वास्तु पाहण्याच्या हेतूनें येथें कोणी येत नाहीं. परंतु खेड्यांची उन्नति कशी साधावी, ह्या प्रश्नाची ज्यांना आस्था आहे त्यांनीं हें स्थळ अवश्य पाहावें, असें आम्हांस वाटतें.

तात्यासाहेब कोरे ह्यांनीं शेतकऱ्यांस एकत्र करून येथें सहकारी साखर कारखाना उभारला. १९५९ सालीं त्याचें गाळप सुरू झालें. पुढें दूधसंघ, ग्राहकभांडार, शाळा-महाविद्यालयें असा परिवार वाढला. तात्यासाहेब १९९४ सालीं वारले. त्यानंतर १९९८ मध्यें केंद्र व राज्य सरकारांच्या साहाय्यानें कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० खेडीं संगणकांनीं जोडण्याचा प्रयोग येथें झाला. बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी कागदपत्रें, सर्व कांहीं गांवांतच मिळावें, ही अपेक्षा.

प्रत्यक्षांत काय झालें? ५४ केंद्रांवर शेतकरी येत, ते मुख्यतः कारखान्याच्या कामासाठीं. आपल्या उसाची तोडणीची पाळी केव्हां, काट्यावर वजन किती भरलें, खतापोटीं किती रक्कम नांवें पडली, एवढेंच त्यांस हवें होतें. ह्यांत नवल नाहीं. पाळी लांबली कीं ऊस वाळतो, वजन व उतारा दोन्ही घटतात. वर्षाची कमाई त्या एका तारखेवर अवलंबून! ही माहिती गांवांत मिळूं लागल्यानें त्यांचे हेलपाटे वांचले. पुढें २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतांतील संशोधकांनीं सात गांवांत संगणकाऐवजीं मोबाइलवरील संदेशांनीं हेंच काम करून पाहिलें. तें कमी खर्चांत उत्तम साधलें.

तेव्हां प्रयोग फसला म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. संगणक गेला तरी चालतें, पण शेतकऱ्याचा प्रश्न सुटला पाहिजे. शिवाय संदेशास उत्तर देणारा हिशेब कारखान्याच्या दप्तरांत आधींच चोख होता, हें विसरून चालणार नाहीं. ज्या गांवीं अशी संस्था नाहीं, तेथें नुसतें यंत्र नेऊन काय उपयोग?

आपल्यापैकीं अनेक घराण्यांचें मूळ गांव सुटलें असलें तरी त्याची ओढ सुटलेली नाहीं. गांवासाठीं कांहीं करावें अशी इच्छा घरोघरीं बोलून दाखविली जाते, आणि मग शहरांत जें नवें दिसतें तेंच तिकडे पाठविलें जातें. पाठविण्यापूर्वीं तेथील शेतकऱ्यास एवढेंच विचारावें: कोणत्या कामासाठीं तुम्हांस वारंवार हेलपाटे घालावे लागतात? वारणेच्या कांठीं ह्या साध्या प्रश्नाचें उत्तर सांपडावयास बरींच वर्षें लागलीं. इतरांस तितकीं लागूं नयेत.