व्हायरस आला, पण औषध घेऊन!

व्हायरस म्हटलं की आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना आधी पेन ड्राइव्ह आठवतो. मीही त्यातलीच. पण एन.एस.एस.च्या शिबिराला सेमाडोहला गेले आणि या शब्दाचा वेगळाच अर्थ शोधत परत आले.

सेमाडोह म्हणजे परतवाडा-धारणी रस्त्यावरचं, सिपना नदीकाठचं, मेळघाटच्या वाघांच्या जंगलातलं गाव. तिथे सिकलसेल तपासणीत माझं काम होतं नावं लिहिण्याचं. एका कोरकू बाईच्या मुलाला हा आजार आधीच निघालेला. तिने काहीतरी विचारलं. आशाताईंनी मराठीत सांगितलं, "कायमचं बरं करनारं इंजेक्शन नसते का, म्हनते." डॉक्टरांनी गोळ्या नियमित द्यायला सांगितल्या. प्रश्न मात्र माझ्यासोबत होस्टेलवर आला.

मित्रांनो, सिकलसेल म्हणजे एका अक्षराची गडबड! हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये 'ए'च्या जागी 'टी' येतो. ऑक्सिजन कमी झाला की गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि अंग ठणकतं. मग चांगला जीन पेशीत पोचवायचा कोणी? व्हायरसने! पेशीत घुसून आपले जीन सोडणं हाच तर त्याचा धंदा. शास्त्रज्ञ त्याचे रोग पसरवणारे जीन काढतात आणि त्या जागी औषधाचा जीन भरतात. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या 'लिफजेनिया'मधला व्हायरस तर चक्क एचआयव्हीपासून बनवलेला आहे.

मग अडलं कुठे? हा व्हायरस योग्य पेशी स्वतः शोधत नाही. म्हणून रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी शरीराबाहेर काढायच्या, लॅबमध्ये त्यांत जीन घालायचा, रुग्णाला केमोथेरपी द्यायची आणि मग त्या पेशी परत सोडायच्या. कित्येक आठवडे मोठ्या हॉस्पिटलात राहायचं. किंमत ३१ लाख डॉलर, म्हणजे पंचवीस कोटींच्या वर! सेमाडोहच्या त्या आईने हा आकडा मोजायचा तरी कसा?

म्हणूनच व्हायरसचं बाहेरचं कवच बदलून, त्याने शरीरात फक्त हव्या त्याच पेशीचं दार उघडावं, यावर जगभर संशोधन सुरू आहे. हे जमलं तर ना केमो, ना पेशी काढणं. एक इंजेक्शन, आणि तेही गावाजवळच्या दवाखान्यात. अचूक पत्ता ही नुसती हुशारी नाही, गरिबापर्यंत औषध पोचण्याची ती अट आहे.

आपल्याला हे झेपेल का? आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने रक्ताच्या कॅन्सरवर 'नेक्सकार१९' तयार केलं. त्यातही रुग्णाच्या पेशीत जीन नेतो तो व्हायरसच. २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, आणि किंमत परदेशातल्या साधारण एक दशांश. तरी ती लाखांत आहे, हेही खरं.

व्हायरस वाढवायचे बायोरिॲक्टर केमिकलवाल्यांचे, कवचाची डिझाइन करणारे प्रोग्राम आपले कॉम्प्युटरवाल्यांचे. तेव्हा दोस्तहो, फायनल इयरचा प्रोजेक्ट निवडताना एकदा मेळघाटाकडेही बघा. तिथे एक आई उत्तराची वाट बघतेय.